आयत्या वेळचे विषय

सात वाजता चॅपलच्या मागच्या खोलीत
नऊ खुर्च्या, सहा सदस्य. गणसंख्या पुरी.
बाहेर लँकेशरचा मार्च, आत हीटरवर जळणाऱ्या धुळीचा वास.
मी कारकून. बोलायचं नाही, लिहायचं.

आई पतसंस्थेत तीस वर्षं इतिवृत्त लिहायची.
सांगायची : विशेषण टाळावं, आकडा सोडू नये,
आणि कोण रडलं ते कधीच लिहू नये.
हॅगरक्लफमध्येही तेच चालतं. भाषा तेवढी वेगळी.

विषय एक : मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे.
कायम झालं.
विषय दोन : नदीकाठची वाट, कुत्र्यांची घाण.
विषय तीन : स्मारकाजवळचा दिवा.
नवा दिवा फार पांढराय, मिस्टर होलरॉइड म्हणाले,
झोपायच्या खोलीत ऑपरेशन चालल्यासारखं वाटतं.
ग्लेनिस पिकप म्हणाल्या, अंधारात मी पडले तेव्हा कुठे होतात?
मग आधीच्या दिव्याचा पिवळा, त्याच्याही आधीचा पिवळा,
सत्त्याऐंशी साली खांब कुणी हलवला, कुणाच्या सांगण्यावरून.
चाळीस मिनिटं चर्चेचं गुऱ्हाळ,
आणि रस निघाला तो एवढाच :
दिव्याला झाकण बसवता येईल का, याची चौकशी करावी.
सूचक. अनुमोदक. बिस्किटं.

मग नागरिकांचे प्रश्न, प्रत्येकी तीन मिनिटं.
अध्यक्षबाईंकडे स्वयंपाकघरातला टायमर आहे,
अंड्याच्या आकाराचा. पिळला की टिकटिकतो.

लिअ‍ॅन क्रॉशॉ उठली.
केअर होमचा जांभळा अंगरखा, वर दुसऱ्याच कुणाचं तरी जॅकेट.
बाहेर लाँड्रीची व्हॅन इंजिन चालू ठेवून थांबलेली.
म्हणाली, नऊ चाळीसची बस तुम्ही बंद केलीत.
आम्ही नाही, काउंटीनं, कुणीतरी म्हणालं.
बरं, काउंटीनं. माझी पाळी साडेनऊला सुटते.
मी चालत येते.

एवढंच. पण ती खाली बसली नाही.
अंडं टिकटिकत राहिलं. दोन मिनिटं, वर थोडी.
नागरिकाची वेळ आहे, मध्ये बोलायचं नाही असा नियम.
सगळे कागदात बघत राहिले,
जणू तिथे खाली काही छापलेलं होतं.
अंडं वाजलं.
धन्यवाद, अध्यक्षबाई म्हणाल्या, नोंद घेतली आहे.

म्हणजे मी घेतली.
म्हणजे बाकी कुणी काही घेतलं नाही.

कप विसळून, कुलूप लावून निघाले तर
पुलावर तीच. गाडी थांबवली.
तू ती लिहिणारी ना? काय लिहिलंस?
मी म्हटलं, एका रहिवाशाने बससेवेबाबत मत मांडले.
हं, म्हणाली. काचेवर बोटानं काहीतरी काढत बसली.

तिला दारात सोडून मी उलटी गेले,
केअर होमच्या फाटकापर्यंत,
आणि तिथून काटा बघत परत तिच्या दारापर्यंत.
मग घरी, स्वयंपाकघराच्या ओट्यावर, लिहिलं :
अंतर दोन पूर्णांक तीन मैल. पूल एक.
पदपथ नाही. दिवे शून्य.

हे सभेत कुणी बोललं नव्हतं.
आईनं खोडलं असतं. किंवा, कोण जाणे, नसतं.

एप्रिल. विषय एक : वाचून कायम करणे.
कुणाची हरकत? पानं उलटल्याचा आवाज.
सही झाली.
झाकणाची किंमत अडतीस पाउंड, मंजूर.
बस अर्थातच नाही.

आणि उठता उठता मिस्टर होलरॉइड,
ज्यांना उजेड फार होतो,
बोट एका ओळीवर ठेवून : शून्य?
एकही नाही?
हा विषय आजच्या यादीत नाही, अध्यक्षबाई म्हणाल्या.
नाही, ते म्हणाले, कोट परत खुर्चीला अडकवत,
आयत्या वेळचा आहे.

बाईंनी घड्याळ पाहिलं, मग मला पाहिलं,
मग अंडं पिळलं.