नखाएवढं

रिस्पा न्यांग्वेसो दुकानात आली
तेव्हा मी एका मटाटूच्या मागच्या काचेवर
सिंहाला गॉगल चढवत होतो.
किसुमूत माझं नाव आहे ते याच कामामुळे:
चौदा जणांच्या गाडीत बावीस जण असोत,
मागे सिंह हवा, ज्वाळा हव्यात,
लांबून वाचता येईल असं अक्षर हवं.

तिनं तीन वह्या टेबलावर ठेवल्या.
रबरबँड एकालाच.
चौतीस वर्षांची बाळंतपणं, म्हणाली,
काहींची नावं बदललीत, काहींनी बदलू दिली नाहीत.
टाइप भाचा करणार, छापखाना बसस्टँडमागचा,
तीनशे प्रती, पैसे बचत गटातून उचललेले.
आता मुखपृष्ठ तेवढं.

तेवढं म्हणजे
कंदील. कापडी झोळीचा तराजू.
तळं, तळ्यात होडी,
कारण ओंगोरोची बायको होडीतच मोकळी झाली.
नवऱ्याचा फोटो, कोपऱ्यात का होईना.
बिशपसाहेब दोन ओळी देणार आहेत, त्या.
आणि बाळ. बाळ तर हवंच.

मी फोन पुढे केला.
बाई, लोक पुस्तक आता इथे बघतात,
उभ्यानं, उकाड्यात, वर सरकवता सरकवता.
एवढंसं दिसतं. अंगठ्याच्या नखाएवढं.
त्यात तुमचे बिशप कुठे बसवू?

ती बराच वेळ स्वतःच्या अंगठ्याकडे बघत राहिली.
मग म्हणाली,
आठव्या महिन्यात आलेल्या पोराचं नख
तिळाएवढं असतं.
तरी मी मोजते. वीसच्या वीस.

मला उत्तर सुचलं नाही.
दोघांनी मिळून खोडायला घेतलं.
बिशप गेले. तराजू गेला. बाळ तिनंच काढलं.
नवरा जायला दोन दिवस लागले.
होडीसाठी ती भांडली, मी हरलो,
आणि मी हरल्यावर म्हणाली, राहू दे, काढ.
उरला कंदील, गडद निळ्यावर पिवळा,
आणि नाव: मटाटूचंच अक्षर,
फक्त त्यातलं ओरडणं कमी केलेलं.

छापखान्यात गुलाबी शाई संपली होती,
पोरानं सांगितलं नाही.
निळा हिरवट होऊन आला, तीनशेच्या तीनशे.
मी पैसे परत द्यायला निघालो.
रिस्पानं एक प्रत उन्हात धरली.
जलपर्णी, म्हणाली. तळं सध्या अस्संच दिसतं.
ओंगोरोची होडी त्यातच अडकली होती,
नाहीतर ती दवाखान्यात पोचली नसती का?

विकायचं कसं, हे मी तिला नीट शिकवलं होतं.
किमतीच्या शेवटी नऊ. पहिलं प्रकरण फुकट.
स्टेटस रोज, पण रात्री, जेवणं झाल्यावर.
बोलणाऱ्याचे कुळीथ खपतात, बाई,
गप्प बसणाऱ्याचे गहू पडून राहतात.
तिनं मान हलवली
आणि दवाखान्याच्या फाटकापाशी,
तळलेली मासळी विकणारीच्या शेजारी,
खोक्यावर जाऊन बसली,
सगळी पुस्तकं पालथी मांडून.

मी चिडलो. माझं मुखपृष्ठ!
म्हणाली, पोर कुठल्या तोंडानं येतंय
ते मी कधी ठरवलं नाही.
लोक उचलतात. उचललं की वळवतातच.

एकशे बारा गेली.
काहींना तेलाचे डाग, ती दहा शिलिंगांनी स्वस्त.
एकानं पैसे परत मागितले:
मी जन्मलो त्या रात्री वीज होती,
आईनं सांगितलंय, कंदील खोटा आहे.
तिनं पैसे दिले.
पुस्तक त्यानं ठेवून घेतलं.
बाकीची तिच्या पलंगाखाली आहेत,
आणि पलंग, ती म्हणते, आता हलत नाही.

काल त्या सिंहाचा गॉगल पुरा केला.
डाव्या काचेत एक कंदील काढलाय,
नखाएवढा.
मालकाच्या अजून लक्षात आलेला नाही.