कोण फोडणार

कोबुलेतीच्या किनाऱ्यावर वाळू नाही, गोटे आहेत
आणि त्यातले निम्मे माझ्या पोरांच्या खिशांत.
दुपारचे अडीच. पोटात कावळे.
झाझा म्हणतो, दिसेल त्यात शिरू.
त्याला वाटतं हॉटेल म्हणजे एक दार, बस्स.

पहिल्याला दार होतं खरं.
पांढरे टेबलक्लॉथ, इस्त्रीची घडी न मोडलेली,
उंच काचेचे पेले अगदी कडेला,
गेगाच्या हाताचं माप घेऊन मांडल्यासारखे.
वेटरने आमची तोंडं पाहिलीच नाहीत,
पाय पाहिले.
दहा पाय, दहाही ओले.
मीच म्हटलं, नको.

दुसऱ्यात गाणं इतकं मोठं
की तेक्लेने स्वतःचे सोडून गेगाचे कान झाकले.
तिसऱ्यात किमती कुठल्यातरी दुसऱ्याच देशातल्या.
चौथ्यात म्हणाले, बाळासाठी उंच खुर्ची आहे ना!
होती.
तिच्यात कुंडी बसली होती.

तिथून बाहेर पडताना दातोने विचारलं,
"आई, आपण कुणाला नको आहोत का?"
सात वर्षांचा आहे तो. प्रश्न विचारून
उत्तरासाठी थांबतो.
म्हटलं, नाही रे, आपण जरा जास्त जण आहोत.
माझं मलाच पटलं नाही.

निलगिरीच्या झाडांमागे, रेल्वे फाटकाच्या अलीकडे
टपरी नव्हे, घर नव्हे, असं काहीतरी मधलं.
पाटी नाही.
खिडकीच्या गजांवर वाळत घातलेला
चिमुकला पोहण्याचा पोशाख, एक बाही उसवलेली.
तेवढी पाटी मला पुरली.

आत चार टेबलं.
एकावर एक मुलगी राजमा निवडत बसलेली.
"ऊठ गं त्सिरा, माणसं आलीत," आतून आवाज.
त्सिरा उठली नाही. सरकली.
आणि मूठभर राजमा दातोपुढे लोटला.
घरी ज्याने स्वतःची वाटी कधी उचलली नाही
तो खडे शोधू लागला, जीभ बाहेर काढून.

मग ती आली, नाझिब्रोला, पिठाच्या हातांनी.
मेनूकार्ड नाही. मुलं काय खातात, हेही नाही विचारलं.
म्हणाली, "काय काय खात नाहीत?"
तेक्ले बोटं मोडत सांगू लागली:
कांदा, कोथिंबीर, ज्याला डोळे आहेत तो मासा,
कालचं काहीही, आणि गाजर, पण फक्त शिजलेलं.
नाझिब्रोला सगळं ऐकून घेत होती,
मंत्र्यासमोर उभी असल्यासारखी.

आली ती होडी.
भट्टीतून निघालेली, पावाची, दोन्ही टोकं निमुळती,
आत चीज अजून उकळतंय
आणि मधोमध अख्खं पिवळं, थरथरणारं.
पिवळं कोण फोडणार?
मागच्या वेळी त्याने फोडलं. नाही, तिने.
गेगाला बोलता येत नाही, पण हक्क कळतो.
खिशातले गोटे टेबलावर आले, युद्ध जवळ आलं.

नाझिब्रोलाने काटा उचलला
आणि माझ्या हातात दिला.
गेगाला उचलून कमरेवर घेतलं
आणि तशीच गेली दुसऱ्या टेबलाची ऑर्डर घ्यायला.

दीड वर्षात पहिल्यांदा
माझ्यापुढचं अन्न माझ्यापुढे गरम होतं.
मी फोडलं पिवळं. सावकाश.
कडा मोडून बुडवली, जीभ भाजली,
कुणाला सांगितलं नाही.
पोरं गप्प बसून बघत होती,
आईलाही तोंड असतं हे आजच कळल्यासारखी.
तिकडे गेगाने नाझिब्रोलाच्या खिशातली चिल्लर
सगळ्या जमिनीवर पेरली.
फाटकावरून गाडी गेली, पेले किणकिणले,
कुणी कुणाला रागावलं नाही.

बिल वहीच्या पानावर.
झाझा हिशेबाचा पक्का. म्हणाला,
"हे तीन लारी कसले?"
"बशीचे."
"पण बशी फुटलेली नाही."
"उद्या येणार ना?"

दुसऱ्या दिवशी आलो. बशी फुटली.
पोरांनी नाही. झाझाने,
मीठ घ्यायला हात लांबवताना, कोपराने.
तो उभा राहून माफी मागत होता, कानापर्यंत लाल.
त्सिराने राजम्यातून मानही वर केली नाही.
"राहू द्या," म्हणाली,
"तिचे कालच आलेत."