पूर्वाभिमुख

तिला आम्ही ‘वर्धा’ म्हणायचो, ती आम्हाला ‘मुंबई’.
अकरा वर्षं, रात्रपाळीला, ट्रंक लाइनवर :
वर्धा, बोला. मुंबई, थांबा, लागतोय.
कॉल जोडून झाला की मधल्या रिकाम्या वेळात
लोणच्याचं मीठ, सासूचा दमा,
आणि तिचा ठरलेला प्रश्न,
तुमच्याकडं सूर्य खरंच पाण्यात बुडते का वो?
फिलोमिना सांगायची, बुडतो ना,
चर्रर्र असा आवाज होतो.

आज ती समोर. चंद्रकला उईके, वय एकोणसत्तर,
पायांत नवे कॅनव्हासचे बूट.
पोलीस बाईंनी तिच्या पिशवीतून
गोरसपाकाचा डबा काढला, हुंगला, परत दिला.
आम्ही तिघी तिच्या चेहऱ्याकडे
चुकून लागलेल्या नंबरासारख्या बघत राहिलो.
मग ती म्हणाली, “चाला नं,”
आणि कुमुदने, जिच्या डाव्या कानात आता यंत्र असतं,
डोळेच मिटून घेतले.
“हीच,” म्हणाली. “हीच आहे.”

गेटवे ठरवला, कारण पत्ता सांगावा लागत नाही.
कमानीखाली उभं राहून ती समुद्राकडे बघत होती,
सहा वाजले, सव्वासहा.
“काऊन वो मुंबई,
सूर्य तं मांगं चालला!”

खरंच की.
तो हॉटेलच्या घुमटाआड उतरत होता,
आमच्या पाठीमागे, गाड्यांच्या बाजूला.
जन्म गेला इथे आणि एकीलाही आठवलं नाही
की या दरवाजाचं तोंड उगवतीला आहे.
फिलोमिना फोटोवाल्यावरच चिडली.

मग आम्ही सावली बघितली.
आधी फरशी, कबुतरं,
मग पायथ्याचा पिवळा दगड,
कमान, वरची ती अक्षरं
जी आम्ही कधी पूर्ण वाचली नाहीत,
शेवटी चार मनोरे, एकेक करून, दिवे मालवत गेल्यासारखे.
आणि लांब पाण्यावर
घारापुरीहून परतणारी एक लाँच
अजून लख्ख उन्हात.

“म्हंजे तिकडं अजून दिवस हाये,” चंद्रकला म्हणाली.
तिला वाईट वाटलं की नाही, कळेना.
आवाजावरून तिचं आम्हाला सगळं कळायचं,
चेहरा वाचायची सवय नव्हती.

फिलोमिना वाकली, तिच्या कानाशी तोंड नेलं
आणि भर गर्दीत, पासष्टीची बाई,
म्हणाली, चर्रर्र.

चंद्रकलाने ऐकून घेतलं.
डब्याचं झाकण उघडत, जुन्या सरकारी सुरात म्हणाली,
“तीन मिनिटं झाली.
वाढवायचं?”