एकशे बारा खुर्च्या

चाळीस चॅपेलच्या, पाठीला प्रार्थनेचं पुस्तक ठेवायचा कप्पा.
तीस शाळेच्या, बुटक्या,
त्यांवर मोठी माणसं बसली की गुडघे हनुवटीला टेकतात.
छत्तीस रग्बी क्लबच्या, बिअरचा वास न गेलेल्या.
आणि सहा इथेलकडच्या.
इथेल गावातल्या मयतांचं सगळं बघतो.
त्याच्या खुर्च्या सर्वांत मऊ,
पण आपणहून त्यांवर कोणी बसत नाही.

एकोणीस वर्षं नान्तहेलीच्या मेळ्यात माझं काम एवढंच:
आणणं, मांडणं, मोजून परत करणं.
उलटी केली की पोटाखाली खडूची खूण सापडते,
चॅपेलची फुली, शाळेचा गोल, क्लबच्या दोन रेघा.
इथेल खूण करत नाही. म्हणतो,
माझी खुर्ची कोण पळवतंय?

एकशे तेरावी मंचावर असते.
ओकची, दर वर्षी नवी.
यंदाची एमरिसनं घडवली, हिवाळाभर,
हातांना मेंढ्याची वळलेली शिंगं.
बाकी जगात खुर्चीसाठी माणसं काय काय करतात.
इथे कविता लिहावी लागते,
वृत्तात, आणि टोपणनावानं.

सकाळी मुलांची पाठांतरं झाली.
दिल्वेनची धाकटी दुसऱ्या कडव्यात अडकली
तेव्हा सगळ्या सभागृहानं नुसते ओठ हलवून
तिला पुढची ओळ दिली.
जिन्यात स्लेटच्या खाणीचे जुने फोटो लावले होते;
लोक आपापले पणजोबा शोधत जिना अडवून उभे,
चहाची किटली वर जाईना.

चार वाजता कर्णा वाजला.
परीक्षक बाई चष्मा पुसत म्हणाल्या,
अकरा कविता आल्या. सात धुक्यावर.
दोन माझ्यावर, त्याबद्दल आभार.
एक कोणाच्या तरी कुत्र्याची, ती बरी होती.
आणि एक 'कुंपणाची तार' या नावानं.
मग त्यांनी ती वाचली. त्यात होतं,
मेंढ्या विकल्या त्या दिवशी
ट्रक वळणापलीकडे गेल्यावर
भाऊ धावत जाऊन फाटक लावून आला,
आत काहीच नव्हतं तरी.

"कुंपणाची तार, असाल तिथे उभे राहा."

कोणी उठलं नाही.
पुन्हा कर्णा. एक खुर्ची करकरली,
शंभर माना वळल्या,
ती रग्बी क्लबची होती, करकरतेच ती.
तिसऱ्यांदा कर्णेवाल्या पोराचा श्वास कमी पडला.

मला ठाऊक होतं.
पाकिटं मीच गोळा केली होती,
आणि ते अक्षर मी लोकरीच्या पावत्यांवर
पंचवीस वर्षं वाचलं होतं.
मोर्विद शेवटच्या रांगेत, उशिरा आल्यामुळे
इथेलच्या मऊ खुर्चीवर,
शेजारी तुदुर, तिचा भाऊ, टोपी गुडघ्यावर.
तो तिच्याकडे झुकून म्हणाला, मी ऐकलं,
"कोणाचं तरी आपल्यासारखंच झालंय गं."
तिनं मान हलवली.
हात मांडीवर असे दाबून ठेवले होते
की जणू तेच उठून उभे राहतील.

खुर्ची रिकामी राहिली. बक्षीस पुढच्या वर्षी.
एमरिस काही बोलला नाही,
शिंगांवरची धूळ तेवढी बाहीनं पुसून गेला.

रात्री मी एकटाच घड्या घालत होतो
तेव्हा ती हातमोजा शोधत परत आली.
मंचावर चढली, बसली,
बुटाची नाडी बांधायला लागतो तेवढाच वेळ.
"पाठीत टोचते," म्हणाली.
मी म्हटलं, ओक आहे, बसून बसून मऊ होईल.
ती हसली नाही. खाली उतरून
शाळेच्या तिसाच्या तीस तिनं एकटीनं रचल्या.

बाहेर तुदुरनं हॉर्न दिला. ती गेली.
गाडी रस्त्याला लागली, थांबली, तुदुर उतरला,
मागे येऊन त्यानं सभागृहाचं फाटक लावलं,
कडी घातली, हलवून पाहिली.

मी अजून आतच होतो,
इथेलच्या सहा खुर्च्यांसकट.