बिळातला

अपोलस प्लाइकीस हरवलेली मेंढी शोधायला निघाला होता,
हाडं नव्हे.
पण कारूची जमीन उघडी; गवत नावापुरतं,
झाकायला काही नाही, म्हणून लपायलाही नाही.
ओहोळाच्या कोरड्या तळाशी जांभळट चुरा दिसला.
त्यातला एक खडा त्यानं जिभेला लावला.
दगड असता तर सुटून आला असता.
हाड जीभ धरून ठेवतं.

मग तो चढला, चुऱ्याच्या मागावर, उताराच्या उलट.
तुकडे खालीच घरंगळतात,
आणि ज्याचे ते तुकडे, तो कायम वर कुठेतरी असतो.

आम्ही पोचलो तेव्हा त्या जागेवर
त्याची टोपी होती, टोपीवर धोंडा.
"वाऱ्यासाठी," तो म्हणाला, आणि स्वतःच हसला:
"ह्याला आता काय वारा बाधणार!"

नऊ दिवस.
कुदळ पहिले दोनच, मग छिन्नी,
मग दाभण, मग रंगाऱ्याचा कुंचला.
भोवतीनं चर खणत त्याला चौथऱ्यावर आणलं.
ओला टॉयलेट पेपर, थरावर थर,
वर प्लास्टरमध्ये बुडवलेलं गोणपाट.
ढेकूळ उलटं करताना कोणी बोललं नाही.
अपोलसची कुत्रीसुद्धा गप्प.

नंतरचे चौदा महिने माझे.
केपटाऊन, तळघर, सूक्ष्मदर्शकाखालचा दिवा,
आणि दाताच्या डॉक्टरकडे असते तशी
हवेवर थरथरणारी सुई.
लाल तो दगड, पांढरं ते हाड,
इतकं सोपं असतं तर कोणीही केलं असतं.
मी रंग बघत नाही. आवाज ऐकते.
हाडाजवळ सुई किंचित बारीक बोलते.

तीन मार्चला ती घसरली.
डावी तिसरी बरगडी, टोक, तांदळाच्या कणीएवढं.
वहीत शाईनं लिहिलं: व्हुयेल्वा, माझ्या हातून.
त्या दिवशी जेवले नाही.

मग तो हळूहळू बाहेर आला:
मांजराएवढा, कासवाची चोच, दोन सुळे,
नाक शेपटीशी, अंगाचं मुटकुळं.
पंचवीस कोटी वर्षं असाच.

अपोलस बसनं आला, दहा तास, तीच टोपी.
डोळा भिंगाला लावून बराच वेळ उभा राहिला.
"झोपलाय."
साहेब म्हणाले, तसं सांगता येत नाही;
बिळात गाळ शिरलेला दिसतो, एवढंच.

हनुवटी आणि पंजा यांच्यामध्ये
अंगठ्याएवढा दगड काढायचा राहिला होता.
"आणि हे काय?"
"चिखल," मी म्हटलं. "त्या रात्रीचा."
रात्र मी पदरची घातली. साहेब बघत राहिले.
"मग तो कशाला काढता?" अपोलस म्हणाला.
"त्याच्या घरचा आहे."

सुई मी बंद केली. वहीत कारण लिहिलं:
आधारासाठी ठेवला.
खोटं नाही ते.

जाताना त्यानं टेबलावरची धूळ
बोटावर घेतली, जिभेला लावली,
जरा थांबला.
"हा दगडच," म्हणाला,
आणि थुंकला नाही.