बाहेर पडल्याची ओळ

नीलम नगरात अडीचला वीज जाते
तेव्हा आधी शेजारचे माग थांबतात, मग पंखा.
लॅपटॉप तेवढा तासभर तग धरतो.
या तासात मला नाव ठरवायचंय.

काम झालंय. आठ महिने लागले.
कंपायलरला आता सांगता येतं :
प्रत्येक फंक्शनच्या तोंडाशी एक टाका घाल,
शेवटाशी एक.
कोण आत शिरलं, कधी बाहेर पडलं,
ते आपोआप लिहिलं जाईल.
उरलंय फक्त या फ्लॅगला काय म्हणायचं ते,
आणि मॅन्युअलमध्ये चार-पाच परिच्छेद.

आधी ‘पहारा’ लिहिलं. खोडलं.
पहाऱ्यात संशय असतो, मला नुसतं मोजायचं होतं.
‘उंबरा’ मनापासून आवडलं.
ब्रनोहून टोमाशनं विचारलं,
उच्चार कसा करायचा?
आणि हे काय करतं
ते नावावरून कळायला नको का?
त्याचं बरोबर होतं. त्याचाच राग आला.
घरी तेलुगू, शाळेत मराठी, कोडमध्ये इंग्रजी,
तीन ठिकाणी वाढलेल्या बाईला
एक नाव सापडू नये?
मराठीत एका अनुस्वाराचा तर फरक :
नाव ठेवायचं, की नावं ठेवायची.
टोमाश दोन्ही करत होता.

तिसऱ्या परिच्छेदात अडलं.
काही फंक्शनं इतकी लहान असतात
की कंपायलर त्यांना दुसऱ्याच्या पोटात
विरघळवून टाकतो.
त्यांची नोंद घ्यायची?
टोमाश म्हणाला, कशाला,
त्यांना स्वतःचं दारच उरलेलं नसतं.

अम्मा ओट्यावर शेंगा निवडत होती.
एकवीस वर्षं तिनं कांड्या भरल्या,
अशोक चौकामागच्या कारखान्यात, किलोच्या भावानं.
चादरीच्या कोपऱ्यात लेबल असायचं,
त्यावर मालकाच्या आजोबांचं नाव,
लांबी, रुंदी, पक्का रंग.
मी विचारलं, तुझी नोंद असायची का गं कुठे?
‘असायची की. वजनाच्या वहीत.’
एक किडका दाणा तिनं बाजूला टाकला.
‘रिकाम्या कांडीचं वजन वजा करून.’

मी आत आले आणि लिहिलं :
टाका विरघळण्याच्या आधी घातला जाईल.
खाली चौथा परिच्छेद, बसल्या बैठकीत :
मोजण्याला स्वतःचं वजन असतं.
या फ्लॅगनं प्रोग्रॅम सुमारे अकरा टक्के मंदावतो.
मिळालेल्या आकड्यातून ते वजा करा

टोमाश तीन दिवस गप्प.
मग : अकरा टक्के जास्त आहेत, पण ठीक.

पाचवा परिच्छेद लिहिताना मात्र
कुणाला काही विचारलं नाही.
नान्नांच्या पाकिटात पितळी बिल्ला आहे, चारशे सतरा.
पाळी सुरू होताना गेटवर मिळायचा,
सुटताना तिथेच परत द्यायचा.
मिल बंद झाली त्या संध्याकाळी
गेटवर घ्यायला कुणी नव्हतं.
अजून कधी दाढी करताना
घड्याळाकडे बघून ते घाई करतात.

काही फंक्शनं परत येत नाहीत, मी लिहिलं.
त्यांच्या बाहेर पडल्याची ओळ कोरी राहील.
ती चूक समजू नये.

नाव शेवटी साधंच झालं.
तीन शब्द, मध्ये दोन आडव्या रेघा,
बारशाला कुणी पेढे मागणार नाही असं.
अम्माला वाचून दाखवलं.
‘लांब आहे,’ ती म्हणाली,
‘पण कुणाचं आहे ते कळतं.’
तिला काय कळलं, मी विचारलं नाही.

पंखा फिरायला लागला.
पलीकडे पहिला माग दोनदा अडखळून सुरू झाला.
टोमाशचं उत्तर आलं होतं, मान्य,
फक्त एक दुरुस्ती :
चौथ्या परिच्छेदात, ‘वजा करा’पुढे
पूर्णविराम राहिलाय.