पाण्याने लिहून बघायचं पेन

मत्राच्या धक्क्यापासून दोन गल्ल्या आत,
समुद्राकडे पाठ करून उभं आहे आमचं दुकान.
दर्शनी काचेत मखमलीची एक खाच रिकामी.
तीन आठवडे झाले,
रोज सकाळी कुलूप काढलं की
मी तिच्यातली धूळ फुंकतो.

येणार आहे.
रमजानआधी येणार होतं, आता म्हणतात ईदनंतर.
जगभर मिळून दोनशे बारा नग,
आखाताच्या वाट्याला नऊ,
त्यातले दोन आमचे.
कुणा नाखुदाच्या स्मरणार्थ काढलंय,
सूरचा होता म्हणे, पाचशे वर्षांपूर्वीचा,
हात लांब करून, क्षितिजावर बोटं आडवी ठेवून
ताऱ्याची उंची मोजायचा
आणि गलबत बरोब्बर बंदरात आणायचा.
टोपणात जुन्या गलबताचं सागवान.
क्लिपच्या टोकाला ध्रुव, हिऱ्याचा, डाळीएवढा.
त्याच्या हातचं एकही अक्षर उरलेलं नाही,
हेही छापलंय माहितीपत्रकात,
तळाशी, बारीक टायपात.

नाखुदा म्हणजे आमचा नाखवाच की,
मी लिझेलला सांगितलं.
ती म्हणाली, बिलावर कसं लिहू ते सांग.

साग कुठला, ते पत्रकात नाही.
इकडे साग उगवत नाही,
एवढंच मला ठाऊक आहे.

किंमत अठराशे चाळीस रियाल.
माझे सात पगार,
आणि वर रूमचं भाडं राहिलंच.

एक पेन वहैबीसाहेबांचं.
निवृत्त न्यायाधीश, घरी त्रेचाळीस पेनं.
दर गुरुवारी फोन:
‘मुणगेकर, जहाज लागलं का?’
अलीकडे कहव्याचा पेला ते दोन्ही हातांनी धरतात
आणि तरी बशीत सांडतं.
पेन कशाला, असं मी विचारत नाही.
दुसरं एका कंपनीने सांगून ठेवलंय,
कुणाला द्यायचं ते त्यांचं ठरायचंय.

नियम असा आहे:
शाई लावायची नाही. शाई लागली की ते जुनं.
खोकं उघडायचं, निब पाण्यात बुडवायची,
कागदावर एक ओळ ओढून बघायची,
टिपायची, मिटायची, हातमोजे काढायचे.
ती एक ओळ माझी.
एकोणीस वर्षं.

आधी नुसते आठ काढायचो, आडवे.
मग कधीतरी एका जर्मन पेनाने हातून आपसूक उतरलं:
सुरमई तीन. बांगडा दोन पाट्या. उधार.
बाबा देवगडला लिलावाचा हिशेब लिहायचे.
ओल्या हाताला शाई चालत नाही,
म्हणून शाईपेन्सिल, टोक जिभेला लावून लावून.
संध्याकाळी जेवायला बसले की
जीभ जांभळी.
आई म्हणायची, आधी चूळ भरा.

पाण्याची अक्षरं एसीखाली
सोळा सेकंद टिकतात. मोजलंय मी.
कागद थोडा फुगतो, तेवढाच पुरावा.

या पेनाने काय लिहायचं, तेही ठरवून ठेवलंय.
मागच्या रजेत, रात्री, घरामागच्या कातळावर
हात ताणून उभा राहिलो,
एक डोळा मिटून, बोटांवर बोटं रचत.
कुत्री भुंकली. शेजारची शालनमामी
खिडकीतून म्हणाली, कोणाला बोलावतोस रे?
परत आल्यावर इथल्या गच्चीवरून तेच केलं,
सॅटेलाइटच्या छत्र्यांमधून वाट काढत.
इथे ध्रुव साडेचार बोटं वर आहे.
चुकलं असेल अर्धं बोट,
माझी बोटं काही नाखुदाची नाहीत.

साडेचार बोटं.
एवढंच लिहायचंय.
‘बो’वरचा काना जरा लांब ओढायचा,
सोन्याची निब कशी लवते ते कळेल.
मग सोळा सेकंद काही करायचं नाही.

आज गुरुवार.
अजून नाही, साहेब.
होय, विचारलं. दुबईत अडकलंय, कागदपत्रांत.
हो, हो, तुमचंच पहिलं.
पाण्याने तपासूनच देईन.